इन मेस, इन अ मेस की नुसतंच मेस?

दुसरा_जिना (धागाकर्ती) – सोमवार, रात्री १०.१२

लोकहो, एक नोटीस लिहायची आहे आणि तिच्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून तुमच्या दारात.

आमची डोंबिवलीतली इमारत. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि गेल्या महिन्यापासून सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात. आमच्या जिन्याखाली कोनाड्यासारखी जागा आहे. ज्याला जे घरात नको आणि टाकवतही नाही, ते तो तिथे आणून ठेवतो. काल टॉर्च घेऊन वाकून यादी केली: एक चाक नसलेली लहान मुलाची सायकल, तीन फुटक्या कुंड्या, मोरपिसांसकट एक थर्माकोलचं मखर, गेल्या की त्याच्या आधीच्या निवडणुकीचा फ्लेक्स, टाकीचं झाकण, आणि शिलाई मशीनचा नुसता लोखंडी स्टँड, पायट्यासकट. वरचं मशीन नाही.

इमारतीत तमिळ, गुजराती, मल्याळी सगळेच आहेत म्हणून नोटीस इंग्रजीत लावायची पद्धत. मी घाईघाईत फळ्यावर लिहिलं, "मेस अंडर स्टेअरकेस. ऑल टु क्लिअर बाय संडे." संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची भाड्याने राहणारी दोन मुलं दारात. "काकू, मेस कधीपासून चालू होतेय? महिन्याचं काय घेणार? आणि पैसे संडेपर्यंतच क्लिअर करायचे का?"

आता नवीन नोटीस. मी म्हणते "इन अ मेस" लिहायचं. नवरा म्हणतो "इन मेस". त्याचा मुद्दा असा की "इन ट्रबल" चालतं, "इन डेंजर" चालतं, मग "इन मेस"ला काय धाड भरली? मुलगी म्हणते दोघंही जुने झालात, "मेसी" लिहा. नक्की बरोबर काय? आणि का?

खाडा_धरा – सोमवार, रात्री १०.१९

मी पण येतो. रविवारी फीस्टला काय आहे? आणि गावी गेलो तर खाडा धरणार ना?

नवव्या_मजल्यावरून – सोमवार, रात्री १०.३१

"इन अ मेस" बरोबर. "इज अ मेस" बरोबर. "मेसी" बरोबर, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर अर्जेंटिनाची जर्सी येते. "इन मेस" चूक. नवऱ्याला सांगा. का ते मला विचारू नका, कानाला खटकतं एवढंच कारण.

दुसरा_जिना – सोमवार, रात्री १०.३५

कानाला खटकतं हे कारण आमच्या घरात चालत नाही हो. त्यांचे कान वेगळे, माझे वेगळे.

शाईचा_डाग – सोमवार, रात्री ११.२०

चौतीस वर्षं प्रुफं तपासली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. त्यामुळे जरा लांबण लावतो.

मराठीत आर्टिकल हा प्रकारच नाही. "खोलीत पसारा आहे" म्हणताना तो एक पसारा की नुसता पसारा, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. इंग्रजी माणसाला मात्र प्रत्येक नामापाशी ठरवावं लागतं, हे मोजता येण्यासारखं आहे की नाही. ट्रबल, डेंजर, केऑस, डिसऑर्डर, डिसअरे ही सगळी त्याच्या लेखी पाण्यासारखी, सलग. म्हणून इन ट्रबल, इन केऑस, इन डिसअरे. मध्ये "अ" नाही. मेस आणि मडल ही मात्र त्याच्या लेखी वस्तू. एक मेस, एक मडल. म्हणून इन अ मेस, इन अ मडल.

नियम पाठ होत नसेल तर हातचा एक उपाय सांगतो. तो शब्द "व्हॉट"च्या पुढे ठेवून उद्गार काढून बघा. "व्हॉट अ मेस!" सहज निघतं. "व्हॉट अ मडल!" तेही. "व्हॉट अ केऑस!" निघत नाही, तिथे "व्हॉट केऑस!" येतं. "व्हॉट अ ट्रबल!" तर नाहीच नाही. उद्गारात जिथे "अ" लागतो, तिथे "इन"नंतरही लागतो. तुमच्या यजमानांना एवढं पुरावं.

नवव्या_मजल्यावरून – सोमवार, रात्री ११.२८

मस्त. पण आजोबा, "व्हॉट अ पिटी!" पण म्हणतात. मग "आय अॅम इन अ पिटी" म्हणू का?

शाईचा_डाग – सोमवार, रात्री ११.४१

पिटीला मुळात असा "इन" लागतच नाही. ज्याला लागतो त्याचीच परीक्षा घ्यायची. जो वर्गात बसलेलाच नाही त्याला नापास कसं करणार?

कपाट_नं_तीन – मंगळवार, सकाळी ८.०५

"इज अ मेस" आणि "इन अ मेस" यातला फरक माझ्याकडून ऐका, अंगावर शेकलाय.

पहिली नोकरी, दुसरा महिना. एका परदेशी गिऱ्हाईकाच्या बिलांचा घोळ झाला होता. मी आमच्या साहेबांना मेल लिहिला आणि त्यात वाक्य टाकलं, "द क्लायंट इज अ मेस." मला म्हणायचं होतं की त्यांच्या बिलांचा पसारा झालाय. साहेबांनी तोच मेल खाली तसाच ठेवून वर उत्तर लिहिलं आणि गिऱ्हाईकाला पाठवून दिलं.

खोली, टेबल, कपाट यांच्या बाबतीत दोन्ही चालतं, अर्थ तोच. माणसाच्या बाबतीत नाही. "शी इज इन अ मेस" म्हणजे बाई अडचणीत सापडल्या आहेत. "शी इज अ मेस" म्हणजे बाईंचंच काही खरं नाही. केस पिंजारलेले, डोळे सुजलेले, मनाने पार विस्कटलेल्या. त्या गिऱ्हाईक बाईंनी उत्तरात एवढंच लिहिलं होतं की मी आज केस विंचरून आले आहे. त्या चांगल्या होत्या म्हणून नोकरी राहिली.

ढेपेचा_चहा – मंगळवार, सकाळी ८.२२

@कपाट_नं_तीन, खिक्! सकाळी सकाळी चहा नाकातून आला.

पिशवीत_पिशवी – मंगळवार, सकाळी ९.१०

आणि हॉस्टेलवाल्यांचं तिसरं विसरलात. "ही इज इन द मेस" म्हणजे जेवायला गेलाय. "ही इज इन अ मेस" म्हणजे गोत्यात आलाय. "ही इज इन मेस" म्हणजे बोलणारा आपल्यातला आहे.

आमच्या वेळी वरणात झुरळ निघालं म्हणून रेक्टरांना निवेदन दिलं होतं. पहिलंच वाक्य: "अवर मेस इज इन अ मेस." रेक्टर सर इंग्रजीचेच होते. त्यांनी निवेदन परत पाठवलं, वाक्याखाली लाल शाईने "एक्सलंट" लिहून. झुरळाबद्दल काही नाही.

लेस्टरची_सून – मंगळवार, दुपारी १.४५

इथे इंग्लंडात राहून माझं शाळेतलं इंग्रजी तीनदा पुसून परत लिहावं लागलं, त्यातलं थोडं.

भाड्याचं घर सोडलं तेव्हा एजंटबाई तपासणीला आल्या. ओव्हन उघडून म्हणाल्या, "धिस इज इन अ स्टेट." मी वाट बघतेय, कुठल्या स्टेटमध्ये? गुड की बॅड? पुढे काहीच नाही. नंतर कळलं की नुसतं "इन अ स्टेट" म्हणजेच वाईट अवस्था. चांगल्या अवस्थेला विशेषण लागतं, वाईटाला लागत नाही.

मग मुलीच्या खोलीबद्दल शेजारीण म्हणाली, "माइन्स अ टिप टू." मला वाटलं काही सल्ला देतेय. टिप म्हणजे इथे कचरा टाकायची जागा. "युअर रूम इज अ टिप" म्हणजे आपल्या भाषेत खोलीचा उकिरडा केलायस. शिवाय "लुक्स लाइक अ बॉम्ब्स हिट इट" हे इथल्या सगळ्या आयांचं आवडतं वाक्य.

नोटिशीत यातलं काही घालू नका अर्थात. पण मेस सोडूनही जग आहे.

आडवं_तिडवं – मंगळवार, दुपारी २.३०

लेस्टरताई, "शॅम्बल्स"बद्दलही सांगा ना. बातम्यांत कायम दिसतं. "इन शॅम्बल्स", "इन अ शॅम्बल्स", "अ शॅम्बल्स", तिन्ही. शेवटी स असून "अ" कसा?

लेस्टरची_सून – मंगळवार, दुपारी ३.१५

इथे जास्त करून "इट्स अ शॅम्बल्स" ऐकते. अमेरिकेतली नणंद "इन शॅम्बल्स" लिहिते, "अ" न लावता. दोघींचं बरोबर, दोघी आपापल्या देशात.

शब्दाचा प्रवास मात्र भारी आहे. मुळात अर्थ बाक किंवा स्टूल. मग खाटकाचा मांस मांडायचा बाक. मग मांसाचा बाजार, मग कत्तलखाना, मग रक्तपात झालेली जागा, आणि अगदी अलीकडे नुसता पसारा. यॉर्कमध्ये शॅम्बल्स नावाची गल्लीच आहे, एकेकाळी खाटकांची होती. वरचे लाकडी मजले रस्त्यावर इतके पुढे झुकलेत की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येईल असं वाटतं. आता तिथे चॉकलेटं आणि मगं विकतात. मुलीची खोली बघून मी "शॅम्बल्स" म्हणते तेव्हा कत्तलखाना म्हणतेय हे तिला माहीत नाही. बरंच आहे.

शाईचा_डाग – मंगळवार, दुपारी ४.००

सुरेख. "अ"चं कोडंही त्यातच सुटतं. रूप अनेकवचनी राहिलं, पण अर्थ एका जागेचा झाला. आमच्या टेबलावर "आर शॅम्बल्स" असं एकदा आलं होतं, तिथे मी "इज अ" केलं आणि उपसंपादकांनी ते परत "आर" केलं. छापलं "आर"च गेलं.

मागच्या_बाकावरचा – मंगळवार, रात्री ९.५०

धागा रोमात, म्हणजे न लिहिता नुसता, वाचत होतो, राहवलं नाही. खानावळीची मेस आणि पसाऱ्याची मेस हे दोन वेगळे शब्द आहेत असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. एकच आहे!

लॅटिनमध्ये मूळ "पाठवणे" या अर्थाचं क्रियापद. त्यापासून ताटात पाठवलेला, वाढलेला पदार्थ. तो जुन्या फ्रेंचमधून साधारण तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला, अर्थ एका वेळचं जेवण. मग एका टेबलावर एकत्र जेवणारी मंडळी, मग ती जेवतात ती जागा. ही लष्करातली आणि पुण्यातली मेस. दुसरीकडे जेवणाचा अर्थ घसरत घसरत कालवलेलं, सरमिसळ केलेलं खाणं, त्यातही जनावरांपुढे ठेवायचं, असा झाला. तिथून एकोणिसाव्या शतकात गोंधळ, आणि १८५० च्या आसपास घरातला पसारा. म्हणजे जेवणाची मेस जुनी आणि पसाऱ्याची तिची नात.

इंग्लंडात ईटन मेस नावाचं गोड मिळतं, स्ट्रॉबेरी, क्रीम आणि चुरलेलं मेरँग एकत्र ढवळलेलं. ते खाल्लं की दोन्ही अर्थ एका वाटीत.

कुरुंदवाडी – मंगळवार, रात्री १०.०२

आयला, आपल्याकडंबी तसंच की! सगळ्याचा काला झाला. कामाचा चिवडा केला. डोक्यात नुसती खिचडी. सगळी खाण्याचीच नावं. माणूस कुठलाबी असू दे, गोंधळ दिसला की त्याला ताटच आठवतंय.

आमच्याकडं मात्र खाणं न्हाई, चिखल. पावसात घरात कुणी पाय न धुता आला की "सगळा राडा केलास". राडा म्हणजे चिखलच. मुंबईकरांनी त्याची मारामारी केली.

ढेपेचा_चहा – मंगळवार, रात्री १०.११

आणि "गोंधळ" तर देवीचा! लग्नानंतर घालतात तो. संबळ, तुणतुणं, दिवटी, रात्रभर जागर. त्यात विस्कळीत काहीच नसतं, उलट सगळं ठरलेल्या क्रमाने. मग त्याचा अर्थ असा का झाला असेल?

पिशवीत_पिशवी – मंगळवार, रात्री १०.१५

ज्याच्या शेजारी रात्रभर चालला त्याने केला असेल.

अर्धं_लिंबू – मंगळवार, रात्री १०.४०

अवांतर: कोणाच्या लक्षात आलंय का, मराठीत मेसचं लिंगही बदललंय. "मी मेस लावली" म्हणतो, ती मेस. पण माझी भाची परवा फोनवर म्हणाली, "मावशी, घरात नुसता मेस झालाय." तो मेस! खानावळ स्त्रीलिंगी म्हणून ती मेस स्त्रीलिंगी, आणि पसारा, गोंधळ पुल्लिंगी म्हणून तो मेस पुल्लिंगी. कोणी शिकवलं नाही, आपोआप.

म्हणजे धागाकर्तीच्या प्रश्नाचं मराठी उत्तर असं: ती असेल तर डबा मिळतो, तो असेल तर आवरावा लागतो.

मागच्या_बाकावरचा – मंगळवार, रात्री १०.४४

+१००. धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद.

बिनमात्रेचा – बुधवार, सकाळी ७.३०

सगळे इंग्रजांची बाजू घेऊन बसलेत म्हणून मुद्दाम काडी टाकतो. आपण "प्रीपोन" म्हणतो, जगाने ऐकून घेतलं. लाखो लोक "इन मेस" लिहितात आणि लाखो लोकांना ते कळतं. मग ते भारतीय इंग्रजीत बरोबर का धरू नये? "अ" नसल्याने कोणाचा जीव गेलाय?

कपाट_नं_तीन – बुधवार, सकाळी ७.५२

माझी नोकरी जाता जाता राहिली म्हटलं ना.

बिनमात्रेचा – बुधवार, सकाळी ७.५५

तुमच्या वाक्यात "अ" होता! उलट "अ" मुळेच घोटाळा झाला.

कपाट_नं_तीन – बुधवार, सकाळी ८.०१

...हे खरंय.

शाईचा_डाग – बुधवार, सकाळी ९.३०

बिनमात्रेचा, प्रीपोनने इंग्रजीला नसलेला एक शब्द दिला. "इन मेस" काय देतो? असलेला फरक घालवतो. ज्या देशात दर कॉलेजमागे एक मेस आहे, तिथे "अ", "द" आणि काहीच नाही, यातला फरक इंग्लंडपेक्षा जास्त लागतो. पुरावा म्हणून ती दोन मुलं धागाकर्तीच्या दारात उभी आहेत.

बोलताना मीही "इन मेस" म्हणतो. फळ्यावर लिहिताना नाही.

सांडगी_मिरची – बुधवार, सकाळी १०.१५

पण मुळात इंग्रजी कशाला? डोंबिवलीत राहतात ना, मराठी वाचता येईलच. अस्ताव्यस्त, अघळपघळ, आडवंतिडवं, उलटंपालटं, वेडंवाकडं, बजबजपुरी, सावळागोंधळ, गबाळं. एवढे शब्द आहेत आणि आपण एका "अ" साठी दोन दिवस भांडतोय.

दुसरा_जिना – बुधवार, सकाळी १०.४०

मिरचीताई, खालच्या मजल्यावरच्या तमिळ आजी मराठी फर्डं बोलतात, पण वाचत नाहीत. इंग्रजी वाचतात. आणि मला सगळ्यात आधी त्यांनाच वाचायला लावायचंय, कारण कुंड्या त्यांच्या आहेत असा दाट संशय आहे.

मागच्या_बाकावरचा – बुधवार, सकाळी ११.०५

"अस्ताव्यस्त" निघालाच आहे तर. संस्कृतात "अस्" म्हणजे फेकणे. अस्त म्हणजे फेकलेलं, व्यस्त म्हणजे इकडेतिकडे फेकलेलं. हिंदीत व्यस्त म्हणजे कामात गुंतलेला, आणि हल्ली मराठीतही "मी व्यस्त आहे" असे निरोप येतात. मला दरवेळी वाटतं की माणूस हॉलमध्ये विखरून पडलाय.

आडवं_तिडवं – बुधवार, सकाळी ११.२०

माझ्या आयडीचा उल्लेख झाल्याबद्दल आभार. इंग्रजीतही असे जोडशब्द आहेत, हिगल्डी-पिगल्डी, टॉप्सी-टर्व्ही. पण आपल्याइतके नाहीत. पसारा मांडण्यात आपण पुढे आहोत हे भाषेवरूनच सिद्ध होतं.

नवव्या_मजल्यावरून – बुधवार, दुपारी १२.१०

आणि "अॅट सिक्सेस अँड सेव्हन्स", म्हणजे सगळा गोंधळ? आमच्या गणिताच्या सरांचा लाडका. वह्या बघून म्हणायचे.

मागच्या_बाकावरचा – बुधवार, दुपारी १२.४५

त्याची एक लोकप्रिय गोष्ट आहे. लंडनमधल्या शिंप्यांच्या आणि फरच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्यांच्या संघांत मिरवणुकीत सहावं कोण आणि सातवं कोण यावरून भांडण होतं. १४८४ मध्ये लॉर्ड मेयरने निकाल दिला की आळीपाळीने एकेक वर्ष. तो पायंडा आजही पाळतात. गोष्ट खरी, पण वाक्प्रचार तिथून आलेला नाही, कारण चौदाव्या शतकात चॉसरच्या कवितेत "सिक्स अँड सेव्हन" आधीच आहे. बहुतेकांच्या मते तो फाशांच्या जुगारातून आला.

आपल्याकडे आकड्यांनी असंच काय काय होतं. तीनतेरा वाजतात. बारा वाजतात. आणि छत्तीसचा आकडा तर चित्रच आहे, ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. तो भांडणाचा, पसाऱ्याचा नाही, पण धाग्यावर दोन्ही चालू आहेत.

पिशवीत_पिशवी – बुधवार, दुपारी १.०५

धागा स्वतःच इन अ मेस झालाय. नोटीस कुठे आहे?

जिन्यात_दिवा – बुधवार, दुपारी ३.३०

नोटिशीवर येतो. मीही सोसायटीच्या कमिटीत आहे, दोन मुद्दे.

एक, "मेसी", "अनटायडी" आणि "डर्टी" तिन्ही वेगळे. आंबा खाणं मेसी असतं, अनटायडी नसतं. धुतलेल्या कपड्यांचा ढीग अनटायडी असतो, डर्टी नसतो. आमच्या आधीच्या सेक्रेटरींनी "डर्टी पॅसेज" लिहिलं होतं तर पॅसेजमधल्या काकू कमिटीच्या बैठकीला फिनेलची बाटली घेऊन आल्या. "मी रोज पुसते. घाण कुणाला म्हणता? पसारा आहे, घाण नाही." पसाऱ्याला पसाराच म्हणावं.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. जिना आग लागली तर सुटकेची वाट असतो. थर्माकोल आणि फ्लेक्स जिन्याखाली म्हणजे सरपण रचून ठेवल्यासारखं, आणि धूर जिन्यातूनच वर चढतो. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे, त्याचा एका ओळीत उल्लेख करा. "मेस" वाचून लोक हसतात, "फायर" वाचून खाली येतात.

दुसरा_जिना – बुधवार, रात्री ९.००

मखरावर दोन दिवस हसत होते, आता जरा धास्ती वाटली. धन्यवाद.

मसुदा असा: "द स्पेस अंडर द स्टेअर्स इज इन अ मेस अँड इज अ फायर रिस्क. प्लीज टेक युअर थिंग्ज अवे बाय संडे. व्हॉट इज लेफ्ट विल गो टु द भंगारवाला." खाली २००६ च्या कायद्याची ओळ. आणि मिरचीताईंसाठी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात मराठी: "जिन्याखालचा पसारा रविवारपर्यंत उचलावा."

नवऱ्याने वाचलं. म्हणाला, "व्हॉट अ मेस" दहा वेळा म्हणून बघितलं, "अ" शिवाय तोंडात बसत नाही, हरलो. पण पहिल्याच वाक्यात "इज" दोनदा आलंय म्हणून खुसपट काढलंच.

शाईचा_डाग – बुधवार, रात्री ९.२०

दोनदा असू द्या. "भंगारवाला" तसाच ठेवा, त्याला इंग्रजी शोधू नका. तमिळ आजींना तो शब्द तुमच्या मेसपेक्षा आधी कळेल.

सांडगी_मिरची – बुधवार, रात्री ९.४५

मराठी वर आहे, माझी तक्रार संपली. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

खाडा_धरा – शनिवार, संध्याकाळी ६.१०

उद्या रविवार. मेनू लावला का?

दुसरा_जिना – रविवार, रात्री ८.३०

अपडेट.

कुंड्या शुक्रवारीच गेल्या. तमिळ आजींनी मला जिन्यात थांबवून शुद्ध मराठीत सांगितलं की कुंड्या त्यांच्या नव्हत्या, पण त्यांनी नेल्या, कारण चांगल्या होत्या. सायकल त्या दोन मुलांनी मागून घेतली, गॅरेजवाल्या मित्राला देणार म्हणे. टाकीचं झाकण सोसायटीचंच निघालं, वर गच्चीवर टाकी दोन वर्षं प्लायवूडखाली होती. मखर आणि फ्लेक्स भंगारवाला घेईना, थर्माकोलला भाव नाही म्हणाला. कचऱ्याच्या गाडीवाल्याला हातापाया पडून दिलं. मोरपिसं आजींनी काढून घेतली.

राहिला शिलाई मशीनचा स्टँड. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. भंगारवाल्याने तो उचलून तराजूवर ठेवला आणि तेवढ्यात सासूबाई काठी टेकत खाली आल्या. म्हणाल्या, ठेव खाली, तो आमचा आहे. दहा वर्षांपूर्वी घर रंगवताना तात्पुरता खाली ठेवला होता. मशीन आमच्याच माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. मला लग्नात आलेलं ते.

स्टँड आता आमच्या हॉलमध्ये आहे. कुठे ठेवायचा ते कळत नाहीये.

शाईचा_डाग – रविवार, रात्री ८.४२

मग आता तुमचा हॉल इन अ मेस. आर्टिकलसकट.

अर्धं_लिंबू – रविवार, रात्री ८.५०

वरती काच टाका, छान टेबल होतं. आमच्याकडे आहे. पायटा मात्र बांधून ठेवा, जेवताना सगळे हलवत बसतात.